तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिपल ऑप्शन अडवायचा कसा?

शनिवारी रात्री जागून अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे मित्र, तिकडे शिकायला गेलेले भाचे-पुतणे, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. मोठ्या विद्यापीठाचा संघ, पुढच्या फळीतला एकेक गडी १३० किलोचा. समोर आर्मी नाहीतर नेव्ही, म्हणजे लष्करी अकादमीची अंगानं लहान पोरं. ती चेंडू फारसा फेकतही नाहीत, ट्रिपल ऑप्शन नावाच्या पद्धतीनं नुसती पळतात. मग त्यांना अडवताना भल्याभल्यांची दमछाक का होते? आणि सामन्याआधीच्या आठवड्यात बचावाचे प्रशिक्षक नेमकं करतात काय?

आधी मोजणी समजून घ्या. दोन्हीकडे ११ खेळाडू. साध्या धावेत एकजण चेंडू घेऊन पळतो आणि तो त्याच्या हातात देणारा क्वार्टरबॅक कोणालाच अडवत नाही. म्हणजे अडवायला उरतात ९, आणि समोर ११. बचावाकडे दोन माणसं जास्त. ट्रिपल ऑप्शन ही दोन माणसं न अडवताच खेळातून बाद करतो. बचावातल्या दोघांना मुद्दाम मोकळं सोडायचं, ते काय करतात ते पाहायचं आणि चेंडू त्यांच्या उलट न्यायचा. मोकळा सोडलेला गडी कितीही ताकदवान असला तरी त्याच्या ताकदीशी कुणी भिडतच नाही.

रचना अशी. चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा तो सेंटर, क्वार्टरबॅक थेट त्याच्या मागे. त्याच्या मागे चार-पाच यार्डांवर फुलबॅक, हात जमिनीला टेकलेले. फळीच्या टोकांवरच्या दोन्ही टॅकलच्या जरा बाहेर आणि किंचित मागे एकेक स्लॉटबॅक, आणि अगदी कडेला पास झेलणारे दोन रिसीव्हर. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, त्यामुळे उभं राहण्यावरून दिशा कळत नाही. चेंडू सुटायच्या क्षणभर आधी एक स्लॉटबॅक फुलबॅकच्या मागून पलीकडे धावायला लागतो आणि खेळ, म्हणजे ती एक चाल, उजवीकडे की डावीकडे याचा पहिला सुगावा तेव्हा लागतो. तोही फसवा असू शकतो, कारण दोन पावलं टाकून तो उलटा फिरतो आणि खेळ दुसऱ्या बाजूला जातो.

समजा खेळ उजवीकडे आहे. उजवा टॅकल समोरच्या, बचावफळीच्या टोकावरच्या डिफेन्सिव्ह एंडला हात न लावता आतल्या बाजूनं निसटतो आणि थेट फळीमागच्या लाइनबॅकरवर जातो. क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटाशी धरून एंडकडे बघतो. एंड बाहेर थांबला तर चेंडू फुलबॅकला, तो मधून घुसतो. ही डाइव्ह. एंड फुलबॅकवर झेपावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि बाहेर पळतो. तिथं दुसरा मोकळा गडी असतो, बहुधा बाहेरचा लाइनबॅकर किंवा पुढे आलेला सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू मागून पळत येणाऱ्या स्लॉटबॅककडे टाकायचा, ही पिच. नाही आला तर क्वार्टरबॅक स्वतःच घुसतो. हे सगळं दोनेक सेकंदांत.

म्हणून बचावाचा पहिला नियम: प्रत्येक बाजूला डाइव्ह कोणाची, क्वार्टरबॅक कोणाचा, पिच कोणाची, हे चेंडू सुटण्याआधी ठरलेलं हवं. आणि ज्याची डाइव्ह आहे त्यानं फुलबॅकला पाडायचंच, चेंडू त्याच्याकडे असो वा नसो. सांगायला सोपं, करायला अतिशय अवघड. हुशार खेळाडूच इथं जास्त चुकतात. त्यांना चेंडू दिसतो, आपलं काम सोडून ते तिकडे धावतात, आणि मागे राहिलेल्या जागेतून ४० यार्ड जातात. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी साखळी सोडून चढाईवाल्यावर एकटाच झेपावला की जसं सगळं कोर्ट मोकळं पडतं, तसंच हे. सलग वीस वेळा आपल्या वाट्याला चेंडू येणार नाही आणि एकविसाव्या वेळी येईल, हे मनावर घेतलेले अकरा जण लागतात.

पण एकच वाटणी साठ मिनिटं चालवली तर समोरचा प्रशिक्षक चेंडूच्या दुसऱ्या-तिसऱ्या ताब्यातच ती ओळखतो आणि टॅकलचा, स्लॉटबॅकचा अडवण्याचा माणूस बदलतो. म्हणून उभं राहणं सारखंच ठेवून आतली कामं बदलणाऱ्या निदान तीन योजना जवळ हव्यात. पहिली सरळ: एंड डाइव्हला, बाहेरचा लाइनबॅकर क्वार्टरबॅकला, सेफ्टी पिचला. दुसरीत एंड आत दाबतो, क्वार्टरबॅक ते बघून चेंडू काढून घेतो, आणि नेमका त्याच वेळी आतला लाइनबॅकर एंडच्या मागून वळसा घेऊन त्याच्या अंगावर येतो. क्वार्टरबॅकनं वाचलं ते बरोबरच असतं, पण पुढचा माणूस वेगळाच निघतो. माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. तिचा धोका असा की लाइनबॅकरनं सोडलेल्या मधल्या जागेत सेंटरशेजारचा गार्ड आडवा फिरवून बचावपटूला बाजूनं अडवलं, म्हणजे ट्रॅप मारला, तर फुलबॅकला रान मोकळं. म्हणून बचावाचा सेंटरसमोरचा नोज टॅकल जागचा हलता कामा नये.

तिसरी योजना बाहेरच्या माणसाची. तो क्वार्टरबॅकवर धावून जात नाही. खांदे समोर ठेवून, छोटी पावलं टाकत, मागे सरकत त्याला ताटकळवतो, म्हणजे आतून पाठलाग करणाऱ्यांना वेळ मिळतो. आतले मंद असतील तर मात्र क्वार्टरबॅक पाच-सहा यार्ड फुकटात घेतो. या पद्धती आलटून-पालटून वापराव्यात. कधी बाहेरच्या माणसानं थेट अंगावर जावं, म्हणजे पिच घाईत होते. घाईतली पिच हवेत लटकते नाहीतर जमिनीवर पडते, आणि जमिनीवरचा चेंडू जो उचलेल त्याचा.

एंडच्या बाबतीत एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची. टॅकल आत निसटू लागला की एंडनं नुसतं फुलबॅककडे बघायचं नाही. दोन्ही हात टॅकलच्या खांद्यावर मारून त्याची वाट बिघडवायची आणि त्याच्याच कमरेला चिकटून आत सरकायचं. टॅकल अर्धं पाऊल उशिरा पोचला तरी लाइनबॅकर मोकळा राहतो. एंड उभा राहून 'कोणाकडे जाऊ' असा विचार करत बसला तर दोन्ही जातात, फुलबॅकही आणि लाइनबॅकरही.

लाइनबॅकरनं डोळे गार्डवर ठेवावेत. गार्ड सरळ आला तर डाइव्ह, फिरला तर ट्रॅप किंवा उलटा खेळ, आणि मागे सरून छाती वर केली तर पास. मागच्या मैदानात एवढी पळापळ चाललेली असते की क्वार्टरबॅककडे बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

मग कट ब्लॉक, म्हणजे गुडघ्यांवर झेपावून आडवं करणं. हलक्या खेळाडूला जड खेळाडू पाडण्याचा हा हमखास उपाय. २०२२ पासून टॅकलच्या बाहेरच्या मोकळ्या मैदानात कमरेखाली अडवायला बंदी आली, त्यामुळे सेफ्टी आणि कडेचे कॉर्नरबॅक यांचा त्रास बराच कमी झाला. आर्मीनं २०२३ मध्ये शॉटगनची, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा राहण्याची, रचना आजमावली त्यामागेही हा नियम होता, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा क्वार्टरबॅकला सेंटरच्या मागे घेऊन आले. आत, पुढच्या फळीत, कट अजून चालतो. त्यावर उपाय: नजर चेंडूवर नको, अडवणाऱ्याच्या हेल्मेटवर हवी, हात हेल्मेट आणि खांद्यावर ठेवून त्याला खाली दाबायचं, पाय मागे टाकायचे, मग निघायचं. सरावात आपल्याच खेळाडूंचे गुडघे पणाला लावता येत नाहीत, म्हणून व्यायामाचे मोठे रबरी गोळे पायांवर घरंगळत सोडतात आणि खेळाडू ते हातांनी दाबून पुढे सरकतात. रोज दहा मिनिटं, सामन्याच्या बऱ्याच आधीपासून.

सरावाची खरी अडचण वेगाची. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए, तिच्या नियमानं हंगामात खेळाडूंना आठवड्याला २० तासच देता येतात, त्यात बैठका आणि व्हिडिओ बघणंही आलं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. एवढ्यात राखीव खेळाडूंच्या स्काउट टीमनं ट्रिपल ऑप्शन शिकून तो वेगानं चालवून दाखवायचा असतो. त्यांना तो जमत नाही. आर्मी-नेव्हीची पोरं वर्षानुवर्षं तेच करत असतात. स्काउट टीमचा क्वार्टरबॅक चेंडू हातातून सोडवताना चाचपडतो. बचाव त्याला मंगळवारी-बुधवारी सहज पाडतो आणि शनिवारी पहिल्याच खेळात सगळं दुप्पट वेगानं येतं.

यावरचा जुना आणि उत्तम उपाय म्हणजे चेंडूच काढून टाकणं. स्काउट टीम चेंडूशिवाय ऑप्शन चालवते. फुलबॅक पूर्ण जोरात घुसतो, क्वार्टरबॅक बाहेर पळतो, पिचवाला पिचच्या जागी. चेंडू नसल्यामुळे कोणी चाचपडत नाही, वेग वाढतो, आणि बचावपटूला शोधायला चेंडूच नसल्यानं तो मुकाट्यानं आपल्या माणसाला पाडतो. तीन-तीन माणसं प्रत्येक वेळी पडलेली दिसली की प्रशिक्षकानं समजावं, सराव नीट चाललाय. दोन स्काउट टीम आलटून-पालटून उतरवल्या तर तेवढ्याच वेळात जवळपास दुप्पट खेळ बघायला मिळतात. स्काउट क्वार्टरबॅक म्हणून शाळेत ऑप्शन खेळलेला चपळ रिसीव्हर मिळाला तर सोनंच. आणि शहाणे संघ ही तयारी ऑगस्टच्या शिबिरातच सुरू करतात. सामना नोव्हेंबरात असला तरी.

वेळ मिळाला की काय होतं याचे दाखले आहेत. प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांचा जॉर्जिया टेक याच पद्धतीनं खेळायचा. ३१ डिसेंबर २००८ ला, हंगामानंतरच्या बाउल सामन्याआधीच्या लांबलचक सुट्टीत तयारी करून आलेल्या एलएसयूनं (लुइझियाना स्टेट) त्यांना ३८-३ असं चिरडलं. जानेवारी २०१० मध्ये ऑरेंज बाउलमध्ये आयोवानं २४-१४ नं हरवलं. पण वेळ म्हणजे सगळं नव्हे. त्याच ऑरेंज बाउलमध्ये २०१४ च्या शेवटच्या दिवशी मिसिसिपी स्टेटलाही भरपूर वेळ मिळाला होता, तरी जॉर्जिया टेक ४९-३४ नं जिंकला.

मागच्या फळीची परीक्षा वेगळीच. आर्मीसारखा संघ अनेक सामन्यांत दहाहून कमी पास टाकतो, आणि त्यातला एकदोनच लांबचे. सेफ्टीनं सलग तीस धावा बघितलेल्या असतात. तो पुढे पळायला अधीर झालेला असतो. नेमका तेव्हा स्लॉटबॅक अडवायचं नाटक करून त्याच्या मागे निसटतो. ओळखायची खूण आहे: अडवायला येणारा स्लॉटबॅक नजर सेफ्टीवर रोखतो आणि जवळ येताना पावलं आखडतो. पावलं न आखडता सरळ पळत सुटला तर तो पासला निघालाय, त्याच्याबरोबर पळा. कॉर्नरबॅकचंही तसंच. त्याच्यासमोरचा रिसीव्हर आत वळून सेफ्टीला आडवा गेला, तर पिच आता कॉर्नरची. पण त्यानं रिसीव्हर खरंच भिडला हे बघून मगच पुढे यावं, घाई केली तर डोक्यावरून पास जातो.

आता यार्डांचा हिशेब. १० यार्डांसाठी ४ डाउन, म्हणजे चार प्रयत्न, असतात. बाकीचे संघ बहुधा तिसऱ्यानंतर पंट करतात, म्हणजे चेंडू लाथेनं लांब मारून देऊन टाकतात. आर्मी-नेव्हीसारखे संघ चौथाही खेळतात. मग दर खेळाला अडीच यार्ड पुरतात. बचावानं पहिल्या डाउनला तीन यार्ड दिले आणि 'बरं झालं' म्हटलं तर तो भ्रम आहे. पहिल्या डाउनला एक यार्ड किंवा त्याहून कमी, हेच ध्येय हवं. तिसऱ्या डाउनला सात यार्ड उरले की त्यांना नको असलेला पास टाकावा लागतो. आपण फाउल केला, ऑफसाइडचे पाच यार्ड दिले, की सगळं त्यांच्या मनासारखं.

सप्टेंबर २०१८ मध्ये ओक्लाहोमानं हे सोसलं. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार जिंकणारा कायलर मरे त्यांचा क्वार्टरबॅक. आर्मीनं चेंडू ४४ मिनिटं ४१ सेकंद आपल्याकडे ठेवला, ८७ खेळ केले आणि मरेच्या आक्रमणाला जेमतेम ४० मिळाले. ओक्लाहोमा घरच्या मैदानावर जादा वेळेत २८-२१ नं कसाबसा सुटला. ८७ खेळ म्हणजे पुढच्या फळीत चार गडी पुरत नाहीत. सात-आठ जणांची आलटापालट पहिल्या ताब्यापासून ठरवावी, दमल्यावर नव्हे. २०२३ पासून पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही (अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं सोडून), त्यामुळे ताबे आणखी कमी झालेत. आपल्या आक्रमणालाही सांगून ठेवावं लागतं: ताबे सात-आठच मिळतील, लाथेनं मारायच्या, कमी गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानू नका.

२०२४ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचतो, पण पुढची चाल सुरू करायला दिलेल्या वेळेच्या घड्याळात (प्ले क्लॉक) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. आर्मी-नेव्हीसारखे संघ मुद्दाम ते घड्याळ संपत आणतात आणि स्लॉटबॅकला शेवटच्या क्षणी हलवतात. म्हणून तो निर्णय मैदानातल्या लाइनबॅकरनंच घ्यायला शिकलेला हवा. त्याच वर्षी नोटर डेमनं ऑक्टोबरात नेव्हीला ५१-१४ आणि नोव्हेंबरात आर्मीला ४९-१४ नं हरवलं. एकाच हंगामात अशा दोन संघांची तयारी केली की पहिल्यावेळची शिकवणी दुसऱ्यावेळी उपयोगी पडते, हे उघड आहे.

आणि रविवारी सगळं उलटं करायचं असतं. आठवडाभर आत दाबायची, पाय मागे टाकायची सवय लागलेल्या एंडला पुढच्या शनिवारी पन्नास पास टाकणाऱ्या संघावर बाहेरून धावून जायचं असतं. म्हणून चांगले प्रशिक्षक ऑप्शनच्या आठवड्यातही रोजच्या सरावात दहा-पंधरा मिनिटं पासवर धावून जाण्यासाठी राखून ठेवतात.