पहिला बाक

रविवार, रात्री उशिरा

आज चर्चच्या दाराशी उभं राहायची पाळी माझी होती. हातात उपासनापत्रिकांचा गठ्ठा, आणि येईल त्याला ‘या, या, बसा’. बरीच वर्षं करतेय हे, त्यामुळे आपल्याला ते छान जमतं अशी माझी समजूत.

पहिलं गीत सुरू झाल्यावर एक जोडपं आलं. कडेवर दीडेक वर्षाचा मुलगा. मागचे बाक भरलेले होते. आमची मंडळी मागूनच भरत येते, त्यामुळे उशिरा आलेल्या नवख्याच्या वाट्याला नेमका पहिला बाक! मी त्यांना अगदी मानानं तिथे नेऊन बसवलं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे ना, सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देता आणि गरिबाला म्हणता तिथे उभा राहा; मला वाटलं, मी त्याच्या बरोबर उलटं केलं. पण तान्ह्या पोराच्या आईला पहिला बाक म्हणजे शिक्षाच.

शास्त्रवाचन संपायच्या आत पोरानं भोकाड पसरलं. कुणी ब्रसुद्धा काढला नाही, फक्त बघितलं. ती उठली आणि मधल्या वाटेनं सगळ्यांच्या देखत बाहेर आली. नवरा तिथेच बसून राहिला, पत्रिकेची पानं उलटत.

उपदेशभर ती व्हरांड्यात उभी. मी दारापाशीच होते म्हणून शेजारी जाऊन उभी राहिले. तिथे आतलं काहीही धड ऐकू येत नाही, हे मला आज कळलं. कर्णा आतल्या बाजूला. बसायला खुर्चीही नाही. इतकी वर्षं आम्ही ‘मुलांना घेऊन बाहेर जा’ असं कधी तोंडानं म्हटलं नाही, पण बाहेर गेलेल्यांचं काय होतं, ते बघायलाही कुणी आलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशूकडे आणलेल्या मुलांना अडवणारे कुणी परके नव्हते, त्याचे शिष्यच होते. संडे स्कूलमध्ये मी हे कितीदा शिकवलंय. तिथे येशूला राग आला असं स्पष्ट लिहिलंय, आणि मुलांना शिकवताना ते वाक्य मी नेहमी भरभर वाचून पुढे जाते.

मुलगा शांत झाल्यावर तिनं हळूच विचारलं, “काकू, आता पुढे प्रभुभोजन आहे ना? आम्ही जायचं का? की नाही? दुसऱ्या चर्चमध्ये वेगळं असतं, म्हणून.”

मी नियम सांगितला. बाप्तिस्मा झालेला असेल तर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे या, नसेल तर बसून राहिलं तरी चालतं. ती म्हणाली, “बसून राहिलं की सगळ्यांना कळतं.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी इथे नवीन होते तेव्हा जाहिरातींच्या, म्हणजे मंडळीच्या सूचनांच्या वेळी ‘आज जे पहिल्यांदाच आलेत त्यांनी उभं राहावं’ असं इथल्यांनी सांगितलं होतं. मी उभी राहिले, टाळ्या झाल्या, आणि पुढचे तीन रविवार मी घराबाहेर पडले नाही. त्यांच्या मनात प्रेमच होतं, याबद्दल शंका नाही. पण मला टाळ्या नको होत्या. कधी उभं राहायचं, कधी बसायचं आणि गीतपुस्तकातलं कुठलं गीत चाललंय, एवढंच शेजारच्यानं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

उपासना संपल्यावर ते दोघं घाईनं निघाले. फाटकापर्यंत त्यांच्याशी बोलायला फक्त एक आजोबा गेले, आणि त्यांनीही मुलाशीच गप्पा मारल्या. पोरगं हसत होतं.

व्हरांड्यात दोन खुर्च्या ठेवायचं उद्या बघते, ते सोपं आहे. उपासना चालवणाऱ्या पाळकांना द्यायला प्रभुभोजनाआधी म्हणायचं एक वाक्य लिहायला बसले, ते मात्र चारदा खोडलं. शेवटी असं झालं: ‘ज्यांना पुढे यायचं नसेल त्यांनी निवांत बसून राहावं, तुमच्याकडे कुणी बघणार नाही.’

मग त्यातला शेवटचा तुकडाही खोडला. आम्ही बघतोच.