युरियाने माझी जांभळाची रोपं हिरवीगार झाली आणि मुळं राहिली एवढीशी

चिपळूणजवळ आमची थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे, तिथे जांभूळ, बकुळ, सुरंगी अशी सदाहरित झाडं लावायचं बऱ्याच वर्षांपासून डोक्यात होतं. 2023 च्या जूनमध्ये जांभळं खाल्ली की बिया लगेच धुवून पिशव्यांत टाकत गेलो, कारण त्या वाळल्या की उगवतच नाहीत. एकूण 180 पिशव्या झाल्या.

माती लाल, जांभ्या दगडाची, त्यात शेणखत घालायला हवं होतं पण ते मिळेना, मग कोंबडीखत आणलं, तेही पुरतं कुजलेलं नव्हतं. वरून रोपं हळू वाढतायत म्हणून दसऱ्याच्या सुमारास चिमूट चिमूट युरिया दिला, पंधरा दिवसांनी परत दिला. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं हे मला माहीत होतं, पण एका छोट्या पिशवीत चिमूट म्हणजे केवढं होतं याचा हिशोब कधी केलाच नाही.

दिवाळीत रोपं बघून खूप आनंद झाला, काळपट हिरवी पानं, शेंडे लांबलचक! मग पानांच्या कडा करपायला लागल्या, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून जास्त पाणी घातलं. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला, लुसलुशीत पाला त्याला फार आवडतो. शेजारच्या आबांनी एक पिशवी फाडायला लावली, म्हणाले "वर काय बघतोस, खाली बघ." सोटमूळ बोटभर, तंतुमुळं जवळपास नाहीतच, टोकं तपकिरी झालेली.

माती तपासून घेतली. नत्र हेक्टरी 280 किलोच्या खाली असेल तर कमी आणि 560 च्या वर गेलं की जास्त धरतात, माझं 560 च्या बरंच वर होतं आणि सामूही (pH) उतरलेला, कारण युरियाचं मातीत नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि आमची जांभ्याची माती आधीच आंबट. ही झाडं मुळात पालापाचोळा कुजून हळूहळू मिळणाऱ्या अन्नावर वाढणारी, पान जाड. आयतं नत्र मिळालं की रोप सगळा जोर वर लावतं, मूळ लांबवायची त्याला गरजच पडत नाही, आणि मुळांशी राहून स्फुरद (फॉस्फरस) पुरवणारी बुरशीही कमी होते.

मग खत पूर्ण बंद केलं, तीन दिवस पिशव्यांच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत पाणी दिलं, नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं म्हणून. जी जगली ती झाडाखालची माती, वाळू आणि कुजलेला पाला अशा मिश्रणात हलवून अर्ध्या सावलीत ठेवली. हलवताना अजून 20 गेली, त्याचं फार वाईट वाटलं.

आता खरी गोष्ट. मागे 30 पिशव्या नुसत्या मातीच्या राहिल्या होत्या, त्यांना युरिया मिळालाच नव्हता आणि मी त्यांना कमजोर समजून कोपऱ्यात ठेवलेलं. जुलै 2024 ला सगळी रोपं एकाच उतारावर लावली. मे 2025 मध्ये मोजली तर युरियावाल्या 90 मधली 31 उभी होती, आणि कोपऱ्यातल्या त्या बुटक्या 30 पैकी 26. यंदाच्या पिशव्यांत फक्त पाल्याचं खत आहे आणि दर महिन्याला एक रोप उपटून मूळ बघतोय.