रेपोंचा बॅकअप आणि तारखेची फाइल

ऑफिसात नवीन मुलं आली की एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा इतिहास असतोच की, मग वेगळा बॅकअप कशाला?" प्रश्न रास्त आहे. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि रेपो म्हणजे एका प्रकल्पाचा कोड आणि त्याची ही सगळी नोंद. पण ज्या रेपोला वर्षभर कुणी हात लावला नाही, तो कुणाच्याच लॅपटॉपवर नसतो. आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. गळीत हंगाम संपला की यातले कितीतरी रेपो पडून राहतात, आणि बॉयलर पेटायची वेळ आली की कारखान्याला नेमकी त्यातलीच एखादी जुनी आवृत्ती हवी असते.

मग मी त्यांना केडीईची हकीकत सांगते. मार्च २०१३ मध्ये या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली. रेपो दीड हजाराच्या आसपास. ठिकठिकाणी मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत ठेवणारे सर्व्हर होते आणि ते ठरावीक वेळाने मुख्य सर्व्हरवरची रेपोंची यादी आणून तिच्याशी स्वतःला जुळवून घेत. त्या दिवशी यादीच बिघडलेली आली. मिररना वाटलं, रेपो काढून टाकलेत. त्यांनी आपल्याकडचेही पुसले. एका सर्व्हरवर धड प्रत उरली होती, म्हणून सगळं परत उभं राहिलं. मिरर आपलं काम चोख करत होते, आणि म्हणूनच नुकसान सगळीकडे पोचलं.

आमची शेल स्क्रिप्ट याच हकिकतीवर बेतलेली आहे. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रेपोंचे पत्ते, एका ओळीवर एक. रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट सुरू करतो. रेपोचं फोल्डर नसेल तर 'क्लोन' (पूर्ण प्रत उतरवणं) आणि त्याला 'मिरर'चा पर्याय, असेल तर 'रिमोट अपडेट' (नवे बदल आणणं) आणि त्याला 'प्रून'चा पर्याय, म्हणजे सर्व्हरवरून गेलेल्या ब्रँच इथूनही जातात. बहुतेकांच्या स्क्रिप्टा इथेच थांबतात, आणि माझा आक्षेप यालाच आहे. कुणी चुकून फोर्स पुश केला, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलला, किंवा ब्रँच (कामाची वेगळी शाखा) उडवली, की रात्री मिररवरही तेच होतं. अशा बेअर रेपोत, म्हणजे कामाच्या फाइली नसलेल्या, नुसता इतिहास ठेवणाऱ्या रेपोत, रिफ्लॉग (ब्रँच आधी कुठे होती याची नोंद) मुळात चालू नसतो, आणि अनाथ झालेले कमिट (नोंदवलेले बदल) साधारण दोन आठवड्यांनी सफाईत निघून जातात.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. आधी 'एफएससीके' चालवून ऑब्जेक्ट, म्हणजे गिटने साठवलेले तुकडे, धड आहेत का पाहायचं, मग 'बंडल क्रिएट' सगळ्या ब्रँच आणि टॅगसकट (टॅग म्हणजे आवृत्तीला दिलेलं नाव). एका रेपोची एकच फाइल होते, नावात तारीख. उद्याची फाइल आजच्या फाइलला हात लावत नाही. जुन्या फाइली 'फाइंड'ने वयानुसार पुसतो, पण त्या रेपोची आजची फाइल 'बंडल व्हेरिफाय'मधून पार झाली असेल तरच. हा क्रम उलटा झाला तर सर्व्हर बंद पडलेल्या काळात स्क्रिप्ट इमानदारीत जुने बॅकअप पुसत बसेल आणि नवीन एकही तयार होणार नाही.

एक खाचखळगा सांगून ठेवते. रिकाम्या रेपोचं बंडल करायला गिट साफ नकार देतं आणि एरर परत करतं. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट मायनस ई' (एरर आली की थांब, ही सूचना) असेल तर ती तिथेच थांबते आणि यादीतले पुढचे सगळे रेपो राहून जातात. तेव्हा एकही कमिट नसलेला रेपो आधीच ओळखून वगळा, आणि एका रेपोचं अपयश लॉगमध्ये नोंदवून लूप पुढे चालू ठेवा. शेवटी एक जरी अपयश असेल तर स्क्रिप्टचा एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', नको. मेल त्यावरच जातो.

'व्हेरिफाय' पार झालं म्हणजे बॅकअप चांगला, असं मात्र मी मानत नाही. दर शनिवारी 'शफ' ही कमांड चिठ्ठी काढल्यासारखी यादीतला कुठलाही एक रेपो उचलते, त्याचं बंडल दुसऱ्या मशीनवर क्लोन होतं, आणि टीममधलं कुणीतरी ते बिल्ड करून काट्याची पावती छापून बघतं. पावती निघाली तरच तो शनिवार झाला.

बंडलमध्ये हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टा) येत नाहीत, कॉन्फिग (रेपोच्या सेटिंग) येत नाही, एलएफएसमधल्या, म्हणजे गिटच्या बाहेर वेगळ्या साठवलेल्या, मोठ्या फाइली येत नाहीत. इश्यू आणि रिव्ह्यूमधल्या चर्चा तर गिटच्या बाहेरच असतात. हुक आणि कॉन्फिग आम्ही टार करून, म्हणजे एका फाइलीत बांधून, बंडलशेजारी ठेवतो, एलएफएससाठी मिररमध्ये 'फेच ऑल' वेगळं चालवून तेही सोबत टाकतो. चर्चांची निर्यात अजून हातानेच होते. त्याची स्क्रिप्ट हंगाम सुरू व्हायच्या आत लिहायची आहे.