डिडक्टिबल भरायचं कुणाला आणि किती वेळा

पार्किंगमध्ये कुणीतरी माझ्या गाडीचा मागचा बंपर ठोकून पसार झालं. विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्व्हेअरने बंपरचे फोटो काढले, मग डाव्या दारावरच्या जुन्या ओरखड्यावर बोट फिरवून म्हणाला, "हे या धडकेतलं नाही. याचा क्लेम वेगळा." वेगळा क्लेम म्हणजे डिडक्टिबलही, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चातला आपण स्वतः भरायचा ठरलेला वाटाही, वेगळा. ते वर्षातून एकदाच कापतात असं बरेच जण धरून चालतात. गाडीच्या विम्यात ते साधारणपणे प्रत्येक क्लेमला लागतं. दार मी तसंच ठेवलं. ओरखड्याने गाडी काही हळू धावत नाही.

हिशेब सरळ आहे. मंजूर खर्च 100 आणि डिडक्टिबल 20 असेल, तर कंपनी देणार 80. ते 20 कंपनीला पाठवायचे नसतात, गाडी सोडवताना गॅरेजला द्यायचे. खर्च 18च आला तर क्लेम करून हाती शून्य. 25 आला तरी त्या पाचासाठी नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घालवायचा का, हे बघावं. म्हणून गॅरेजचं एस्टिमेट मी त्याच दिवशी मागून घेतो.

डिडक्टिबल वाढवलं की प्रीमियम उतरतो, हे एजंट हौसेने सांगतात. माझ्या मते, तेवढी रक्कम उद्या सकाळी खिशातून काढता येणार असेल तरच त्या फंदात पडावं.

चूक समोरच्याची ठरली, तर त्याच्या विम्याकडून वसुली होऊन डिडक्टिबल परतही मिळू शकतं. त्यासाठी आधी तो सापडायला हवा. माझा अजून सापडायचाय.