केमिकल बंबात असायचं तरी काय?

जुन्या अमेरिकन बंबांचे फोटो दाखवले की एक प्रश्न हमखास येतो: ‘केमिकल इंजिन’ म्हणजे रसायनांच्या आगी विझवणारी गाडी का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही. ती घरादारांच्या साध्या आगींवर जायची आणि आग विझवायची ती पाण्यानेच.

शाळेत सोडा-आम्ल अग्निशामकाची आकृती काढलेली आठवत असेल. तोच मोठा करून चाकांवर बसवलेला. १८७० नंतर तो आधी घोड्यांच्या गाडीवर आला, पुढे मोटारीवर. फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावरही टाक्या चढल्या. टाकी साधारण ५० गॅलनची, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवलेला, आत वरच्या बाजूला गंधकाम्लाची बाटली आणि तिच्या तोंडावर शिशाचं सैल बूच. जागेवर पोचलं की मूठ फिरवायची. बाटली कलंडायची, बूच निसटायचं, आम्ल सोड्यात पडायचं आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने पाणी नळीतून सुसाट सुटायचं. हा वायूच आग गुदमरवतो असं तेव्हा पुष्कळांना वाटे. खरं तर त्याने पंपाचं काम केलं, बस्स.

पण तेच तर मोलाचं होतं! वाफेच्या बंबात दाब धरेपर्यंत मिनिटं जायची, मग जाडजूड होज जोडायचे, पाण्याची सोय बघायची. इथे पाऊण-एक इंची रबरी नळी टोपलीतून ओढत दोन माणसं थेट जिन्यावर. लाकडी घरांच्या गावात, जिथे पाण्याचे नळच नव्हते तिथे, या पहिल्या मिनिटांनी किती संसार वाचवले असतील! शिवाय पाणी थोडं, त्यामुळे आगीतून वाचलेलं सामान पाण्याने नासत नसे.

त्रासही होता. एकदा आम्ल पडलं की क्रिया थांबवता येत नसे. म्हणून अनेक गाड्यांवर दोन टाक्या असत: एक रिकामी होईपर्यंत दुसरी भरायची, तीही आगीच्या धगीत, हातात आम्लाची बाटली घेऊन. त्या जवानांबद्दल मला फार आदर वाटतो. आम्लाने कपडे जळत, कातडी भाजे, टाक्या आतून खात जात.

मोटारीच्याच इंजिनावर चालणारे छोटे पंप भरवशाचे झाले तशी १९२०-३०च्या दशकांत ही पद्धत मागे पडली. बऱ्याच गाड्यांवरच्या आम्लाच्या टाक्या काढून साध्या पाण्याच्या टाक्या बसवल्या गेल्या. म्हणून संग्रहालयात असा बंब दिसला, तर आधी टाकीला मूठ आहे का ते बघा.