हुदलीचं सूत

कंडक्टर जवळ यायच्या आधीच आत्तीनं पिशवीतून आधार कार्ड काढून हातात धरलं होतं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी लाल बस फुकट. तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं, मी पैसे मोजले. "पुण्यात राहून काय मिळवलास गा?" म्हणाली. खिडकीही तिनंच घेतली.

बेळगावजवळच्या हुदली गावाला जायचं खूळ माझं. माझं शिक्षण बेळगावात, आत्तीच्या वडगावच्या घरात झालं. शाळेला जाता-येता टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दिसायची, खरं ती कुणामुळं झाली हे कधी विचारलं नाही. १९२४च्या अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खोदलेली ही विहीर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, इथंच. अधिवेशन बेळगावात उभं करणारे गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. जन्म १८७१चा, घर वतनदारांचं, निष्ठा टिळकांवर. टिळक गेले तेव्हा हा माणूस पन्नाशीला टेकला होता. त्या वयात गांधींच्या मार्गाला लागायचं आणि 'कर्नाटक सिंह' म्हणून गाजल्यावर खादीच्या कामात उतरायचं! मी आता त्याच वयाचा आहे. मला साधा मोबाईल बदलताना घाम फुटतो.

याच पट्ट्यात सुळेभावी, कुमार गंधर्वांचं जन्मगाव. तिथं उतरायचं राहिलं. आत्तीला ऊन सोसत नाही.

हुदलीत १९३७ साली गांधीजी येऊन राहिले होते. मी त्याच्या खुणा शोधत होतो, आत्ती थेट खादीच्या दुकानात. ठाण सोडून तिनं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कापड फिरवलं, उजेडाकडं धरलं. "इथं बघ, सूत जाड-बारीक झालंय." विकणारा हसला. हातसुताचं असंच असतं म्हणाला. तिला ते पटलं नाही.

तिचा तो चिमटा मी लहानपणापासून ओळखतो. तिचे यजमान, आमचे मामा, गेले तेव्हा ती तिशीचीही नव्हती. शेजारच्या मागवाल्या विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून तिनं घर चालवलं. मी दहावीला गणितात नापास झालो त्या रात्री ती काही बोलली नाही. कांड्यांची पाटी पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "भर." दोन वाजेपर्यंत भरत होतो. सूत दर चार मिनिटांनी तुटायचं. ती सांधून द्यायची, चिडायची नाही, शिकवायचीही नाही. पहाटे मीच सांधायला लागलो. गंगाधररावांबद्दल वाचताना मला सारखी तीच पाटी आठवते.

आतल्या खोलीत बायका अंबर चरख्यावर बसल्या होत्या. "बर्री अव्वा, कुंद्री," एकीनं जागा करून दिली. आत्तीचं कन्नड बाजारापुरतं, त्या बाईचं मराठी त्याहून कमी. तरी दोघींचं लगेच जमलं. कापसाच्या पेळूतून सूत कसं निघतंय ते आत्ती वाकून बघत राहिली. मग सूत तुटलं, आणि त्या बाईच्या आधी आत्तीचा हात गेला.

मी आंब्याचं लोणचं आणि एक टॉवेल घेऊन बाहेर उभा. बस आली, हॉर्न देऊन गेली. आत डोकावून म्हटलं, "आत्ती, बस गेली."

तिनं मान वर केली नाही. "दुसरी येतीय की."