हार्वर्ड की बर्कली? तुम्ही विचारलंत म्हणून

"अमेरिकेतली ही दोन विद्यापीठं, दोघांत अवघड कुठलं आणि स्वस्त कुठलं?" हे मला मुलांचे आईबाबा सारखे विचारतात, आणि विचारतानाच त्यांनी धरून ठेवलेलं असतं की हार्वर्ड प्रायव्हेट म्हणजे महाग, बर्कली सरकारी म्हणजे परवडणारं. बहुतेक घोळ इथंच होतो.

अवघडचं आधी उरकतो. 2024 च्या प्रवेशाला हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले, घेतले 1,937, म्हणजे जेमतेम 3.6 टक्के. बर्कलीचा आकडा 11 टक्क्यांच्या आसपास असतो, पण त्यावर हुरळून जाऊ नका, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगला तो बराच खाली येतो. शिवाय निवडायची पद्धतच निराळी. बर्कली एसएटी, म्हणजे तिकडच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोर, बघतच नाही, पाठवलात तरी नाही, आणि हार्वर्डनं मात्र 2024 मध्ये टेस्ट परत सक्तीची केली. म्हणजे ज्याचा स्कोर हाच हुकमाचा एक्का, त्याला तो बर्कलीत टाकताच येत नाही.

आता पैसा, खरी गंमत इथं आहे. 2024-25 चं हार्वर्डचं फी, राहणं, जेवण मिळून बिल 82,866 डॉलर. बर्कली कॅलिफोर्नियातल्या मुलाला याहून पुष्कळ कमी पडतं, पण बाहेरून आलेल्याला त्याच वर्षी त्यावर आणखी 34,200 डॉलर, की झालं, दोन्ही जवळपास सारखेच! आणि परदेशी मुलाला बर्कलीत घरची ऐपत बघून मदत मिळत नाही. हार्वर्ड उलट परदेशी मुलाच्या अर्जातही पैसे भरू शकेल का हे बघत नाही, आणि एकदा घेतलं की गरज असेल तेवढी मदत करतं, तीही कर्ज गळ्यात न मारता. 2025-26 पासून तर वर्षाला 1 लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या साधारण घराला बिल शून्य.

म्हणजे भारतातल्या मध्यमवर्गीय घराला जे मिळायला जास्त अवघड तेच मिळालं तर स्वस्त. पण 3.6 टक्क्यांवर घरचं बजेट बांधू नये असं माझं मत. बर्कलीचा अर्ज नोव्हेंबरअखेरीस जातो, हार्वर्डचा 1 जानेवारीपर्यंत, त्यामुळे चार वर्षांचे पूर्ण पैसे उभे राहतील का हा प्रश्न दिवाळीतच घरात बसून सोडवा, आणि नसतील राहणार तर बर्कलीचा अर्ज भरूच नका, मुलगा कितीही रुसला तरी.